सड्यावरच्या मनोऱ्याचा निरोप

मित्रांनो, रेडिओ समजून माझे कान पिळू नका. माझ्यावर गाणी लागत नाहीत आणि क्रिकेटही लागत नाही. मी पोलिसांचा बिनतारी संच आहे, आता पार म्हातारा झालेला. रत्नागिरीतल्या एका कोठारात मोडक्या सायकलींच्या शेजारी माझा मुक्काम आहे. झाडलोट करणारा मला ‘डबा’ म्हणतो. म्हणू दे बापडा, त्याला काय ठाऊक!

मी बंगळूरच्या कारखान्यात जन्मलो. आंबा घाटाची वळणं उतरताना ट्रकमध्ये माझे सगळे सांधे खिळखिळे झाले. मिरजोळ्याच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी पठाराच्या कडेला एक छोटी चौकी होती, तिथे मला टेबलावर बसवलं. माझी तार अंगणातल्या माडाला बांधली. हवालदार भागोजी माझा सांभाळ करू लागला. आमच्याकडची खारी हवा लोखंड खाऊन टाकते, म्हणून तो मला रोज पुसायचा. पावसाळ्यात माझ्याशेजारी दिवा पेटता ठेवून मला ऊब द्यायचा. सख्खी आई काय जपेल, असं त्यानं मला जपलं.

भागोजीच्या गावचा, देवरूखकडचा शिवा सड्यावरच्या विजेच्या मनोऱ्यावर राखणदार होता. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांची वीज त्या मनोऱ्यावरून यायची. कामावर जाताना शिवा चौकीत चहाला थांबायचा आणि माझी थट्टा करायचा. ही पेटी भजनातली असती तर गावाला तरी नेली असती, नुसती खरखरते मेली, असं म्हणायचा. मला त्याचा राग कधीच आला नाही.

तशी मी कामंही केली बरं का! एकदा वादळाचा इशारा वेळेवर दिला आणि होड्या किनाऱ्याला लागल्या. तेव्हा फौजदार मुळ्यांनी मला झेंडूचा हार घातला होता. पण आमचं एक दुखणं आहे, मित्रांनो. आम्हाला सगळं ऐकू येतं, पण कुणी कळ दाबल्याशिवाय आमचं तोंड उघडत नाही.

मग ऐंशी सालानंतरचे ते वाईट दिवस आले. देशात कुठे ना कुठे स्फोटाची बातमी असायची. एका राज्याच्या पोलिसांना काही कळलं, तर त्यांनी दुसऱ्या राज्याला कळवायचं, असं ठरलेलं होतं. पूल, मनोरे, बंदरातले धक्के सांभाळायचे तर तेच हवं. पण कळवायचं कसं? तर निरोप आधी त्यांच्या वरच्या साहेबाकडे, तिथून आमच्या वरच्या साहेबाकडे, मग जिल्ह्याला आणि शेवटी चौकीला. शेजारची चौकी हाकेच्या अंतरावर असली तरी तिला थेट सांगायचं नाही. भागोजीनं एकदा याबद्दल विचारलं, तर पायरी सोडून चालायचं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं फडकं उचललं आणि मला पुसायला घेतलं. नोकरीच होती ना शेवटी.

त्या वर्षीचा शिमगा आला. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या देवीची पालखी वेगळ्या दिवशी निघते. मनोऱ्यावरच्या दुसऱ्या राखणदाराच्या गावची पालखी शनिवारी होती, म्हणून शिवानं त्याची पाळी आपल्या अंगावर घेतली. आमची पालखी अजून लांब हाय, तू जा, असं तो त्याला म्हणाला.

शनिवारी दुपारी ती पालखी चौकीच्या अंगणात आली. तो तिचा मान होता. शिपायांनी सलामी दिली, फौजदारांनी नारळ ठेवला आणि गावचा मानकरी गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवीला साकडं घालायला उभा राहिला. गाऱ्हाणं चालू असताना कसला आवाज होऊ द्यायचा नसतो. दरवर्षीप्रमाणे भागोजीनं माझा आवाज पार खाली केला, टोपी सारखी केली आणि बाहेर जाऊन हात जोडले.

आणि नेमका तेव्हाच तो निरोप माझ्यापर्यंत पोचला! शेजारच्या राज्यात खाणीवरून सुरुंगाची दारू चोरीला गेली होती. पकडलेल्या एका माणसानं सांगितलं होतं की सड्यावरचा मनोरा पाडायचा बेत आहे, तोही पालखीच्या दिवशी, सगळे नाचात असताना. मी जीव तोडून सांगत होतो. पण माझा आवाज टेबलाच्या कडेपर्यंतही पोचत नव्हता.

बाहेर मानकरी म्हणत होता, “जे आमची राखण करतात, त्यांची तू राखण कर गे माये!”

“व्हय म्हाराजा!” सगळं अंगण म्हणालं. त्यात भागोजीचा आवाज सर्वांत मोठा होता.

पालखी पुढे गेल्यावर तो आत आला. त्यानं माझा आवाज वाढवला, तर जिल्हा अजून हाका मारत होता; त्यानं निरोप पुन्हा सांगायला लावला. सायकल घेऊन तो अनवाणीच सुटला. तो अर्ध्या वाटेवर असेल, तोच टेबलासकट मी हादरलो. मनोरा कोसळला होता. शिवा त्याच्या पायाशीच बसलेला होता.

पुढे चौकशी झाली. आवाज खाली का केला, एवढंच विचारलं गेलं. भागोजीला शिक्षा झाली. निरोप वाटेत कुठे कुठे बसून राहिला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विचारलं ते एकटीनं. शिवाची बायको गोदा देवरूखहून आली. ती रडली नाही की ओरडली नाही. माझ्यासमोरच्या बाकावर बसली.

“भावजी, तो निरोप निघाला कधी?”

भागोजीला खोटं बोलवेना. “सोमवारी, वयनी.”

“आनि हे गेले शनवारी. मग इतके दिस तो होता कुठं?”

“वाटंत,” भागोजी खाली मान घालून म्हणाला.

गोदानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “सोमवारी मला सांगितला असता, तर मी चालत येऊन सांगितला असता.”

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला रंगही देऊ नका. पण कुणाच्या जिवावरचा निरोप तुमच्या हाती आला, तर आपली पायरी कोणती ते बघत बसू नका. देवरूखहून मिरजोळ्याला चालत यायला गोदाला दोन दिवसही लागले नसते.