जेन्सनची रोझरी

जेन्सन गेल्यापासून सेलिन नुसती कामं उरकत होती. भावाची शवपेटी दोहाहून आली तेव्हा विमानतळावरच्या सह्या तिने केल्या, फादरांशी तीच बोलली, आल्यागेल्यांना चहाही तिनेच दिला. नंदाखाल गावच्या बायका म्हणाल्या, पोरगी धीराची हो. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं.

तिची आई लुसी मात्र एकच गोष्ट मागत होती, ती म्हणजे जेन्सनची रोझरी. रोझरीत माळेच्या दर मण्याला एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी. बाप वारल्यावर पहिली अर्धी म्हणायचा मान जेन्सनचा. दोहाला गेला तरी रोज फोनवरून म्हणायचा. पुढे कामाच्या पाळ्या बदलल्या, वेळ जुळेना, तेव्हा त्याने अख्खी रोझरी तुकड्यातुकड्यांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवली. 'नमो मरिये'पासून आपली अर्धी संपवायचा आणि आईचं 'पवित्र मरिये' म्हणून होईपर्यंत गप्प राहायचा. आईला दम लागतो हे त्याला ठाऊक, तेवढं धरून थांबायचा.

आता लुसीच्या डोळ्यांना फोन झेपेना. बोट भलतीकडेच लागायचं आणि रोझरीच्या जागी कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ सुरू व्हायचा. तिच्याकडे पेनड्राइव्ह लावायचा एक रेडिओ होता, जाडजाड बटणांचा.

"त्यात घालून दे गो," ती म्हणाली. "मग मी कुणाला त्रास देणार नाही."

रेडिओ जुन्या वळणाचा. व्हॉट्सॲपच्या फाइली त्याच्या गळी उतरेनात, त्याला एमपीथ्रीच लागे. सेलिनने लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. फाइली निवडल्यावर खाली एक चौकोन आला, 'रिमूव्ह सायलेन्स'. म्हणजे आवाज नसलेल्या जागा कापायच्या, फाइल लहान होते. ऑफिसात ती दिवसभर असलेच चौकोन भरते. भरला. मग एका फाइलची सुरुवात लावून पाहिली. जेन्सन खणखणीत बोलत होता. तिने लगेच बंद केलं. ऐकवेना म्हणून नव्हे, ऐकून काहीच होईना म्हणून. आईचा फोन गच्च भरला होता, तेव्हा हातासरशी तिथल्या आणि लॅपटॉपवरच्याही मूळ फाइली पुसून टाकल्या.

संध्याकाळी लुसीने आल्तारीपुढे, घरच्या वेदीपुढे, मेणबत्ती लावली, माळ घेतली, बटण दाबलं. जेन्सनची अर्धी संपली. "पवित्र मरिये," लुसीने सुरुवात केली, तोच जेन्सन पुढच्या मण्यावर पोचलासुद्धा. ती बावचळली. पुन्हा तोंड उघडलं, तोवर तो आणखी पुढे. माय मागे आणि लेक सुसाट.

"थांबत नाही गं तो," लुसी म्हणाली. "आधी थांबायचा."

सेलिनच्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिने फोन उघडला, लॅपटॉप उघडला, शोधशोध शोधलं. बैल गेला आणि झोपा केला. जेन्सनच्या सामानातून आलेला त्याचा फोन तर कुलूपबंद, तो कसा उघडायचा ते त्याला एकट्यालाच ठाऊक.

"आई, मधल्या जागा मी कापल्या," ती म्हणाली. बँकेच्या खिडकीवर बोलावं तसा आवाज. "मूळ फाइली पुसल्या. पण मी तेवढी मोकळी जागा परत घालून देते. येते घालता."

"ती तू घातलेली होईल," लुसी म्हणाली. "त्याचं थांबणं कुठून आणशील?"

लुसी रागावली नाही, हेच सेलिनला जड गेलं. लुसीने बटण दाबून रेडिओ बंद केला आणि माळ पहिल्या मण्यावर आणली.

"बस इथे. आता पहिली अर्धी तुझी."

सेलिन बसली. तोंडपाठ होतंच, म्हणून टाकलं. मग लुसीने आपली अर्धी धरली. एक शब्द, श्वास, दुसरा शब्द, पुन्हा श्वास. केवढा वेळ लागत होता बाईला! आणि तेवढ्यात सेलिनला करायला काही म्हणजे काही नव्हतं. ना सही, ना चहा, ना फाइल. नुसतं गप्प बसायचं. दोहाच्या खोलीत रोझरी बोलून पाठवताना जेन्सन दर मण्याला असाच बसला असणार, समोर कुणी नसताना.

पुढच्या मण्याला सेलिनचा आवाज फुटेना. तिने पुन्हा करून पाहिलं, तरी फुटेना.

मण्यावर अंगठा धरून लुसी तिच्यासाठी थांबली.