शेड, कच्ची

“दिनादादा, हात नको लावू, वला हाय अजून!”

चंदर शिडीवरून ओरडला, पण तोवर दिनानाथने पंखावर हात टेकवला होता. उचलला तर तळवा पांढराफटक. विमानाचा डावा पंख चुन्याने रंगवून झाला होता आणि उजव्यावर कुंचला फिरत होता. शेपटीवरून ओघळ खाली गवतात उतरत होते.

“कोणी सांगितलं तुला?”

“सायबान सांगला. कागूद हाय माझ्याकडं.”

चंदर सोनिवलीचा. सरकारी भिंतींना सफेदी करण्यात त्याचा हात धरणारा या भागात कोणी नव्हता. त्याने कनवटीचा कागद काढून दिला. दिनानाथने वाचला : ‘उल्हासनगर मैदान. शेड, कच्ची, एक. झाडलोट करून दोन हात सफेदी. २६ जानेवारीपूर्वी.’

त्याने पुन्हा वाचला. शेड! कचेरीच्या वहीत इमारत होती, विहीर होती, संडास होता. विमानाला रकानाच नव्हता. तिथल्या कोणा शहाण्याने पाहिलं असणार, वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये खांब. म्हणजे छप्पर झालं. छप्पर म्हणजे शेड, आणि सरकारी शेडला पाहुणे यायच्या आधी चुना.

दिनानाथ बदलापूरचा शिंपी. आता तो अंबरनाथच्या एका कारखान्यात ताडपत्र्या शिवत होता, पण लढाईच्या आधी सात वर्षं तो मुंबईला विमानांचे पंख शिवत असे. लोक हसत. विमान काय झबलं आहे शिवायला? पण ते तसंच होतं. आत लाकडी फासळ्या, त्यावर ताणून बसवलेलं तागाचं कापड, दर तीन इंचांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ आणि वरून डोपचं रोगण. पिकलेल्या केळ्यासारखा त्याचा वास नाकात बसला की जेवण जात नसे. हे विमान त्याने स्वतः शिवलेलं. पोटात चार उतारू बसत आणि पायलट मागे उघड्या वाऱ्यात. पैसे मोजून माणसं आकाशातून गावाला जातात, हे या भागातल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते याच विमानामुळे.

लढाईत लष्कराने ते नेलं, तेव्हा इथे असलेल्या लष्करी कॅम्पात आणून टाकलं आणि लष्कर ते विसरून गेलं. दिनानाथला ते सापडलं एकोणपन्नास साली. कोणी चाकावर पानाच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या, कोणी पोटावर दंतमंजनाची जाहिरात चिकटवली होती. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा, फाटलं तिथे ठिगळ लावायचा आणि अर्ज लिहायचा. सहा वर्षांनी एकदाची जतन समिती झाली. अध्यक्ष झाले, चिटणीस झाले, सगळ्यांचे पंखाला टेकून फोटो झाले. दिनानाथने त्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला होता. तो नमस्कार आठवून त्याला आता स्वतःचीच किळस आली.

“खरवडून काढू का?” चंदरने भीत भीत विचारलं.

“कशाला? चुन्याने रोगण खाल्लं. कापड गेलं, चंदर.” त्याने पंख बोटाने दाबला. एरवी डफासारखा वाजणारा पंख ओल्या पोत्यासारखा आत गेला. “आता ही ओल आत उतरणार. फासळ्या सरसाने जोडल्यात. सरस सुटला की पंख नाही, नुसती मोळी.”

“मंग?”

“मग काय! कापड आजच उतरवायचं.”

त्याने पिशवीतून पातं काढलं. पहिल्या गाठीशी हात क्षणभर अडला. ही त्याचीच गाठ होती. मग त्याने ती कापली.

समोरच्या बराकीतून पार्पतीबाई धावत आली. सिंधमधून आल्यावर बराक मिळेपर्यंत तिने एक पावसाळा या विमानात काढला होता. तिचं बाळंतपण त्याच्याच पोटात झालं होतं.

“मास्तर, ये क्या करता तुम? मेरा घर फाडता?”

“घर वाचवतोय, बाई. शिडी धरा.”

तिने पदर खोचला आणि शिडी धरली. चंदरनेही बादली लाथेने दूर सारली आणि कापड ओढायला लागला. दुपारपर्यंत वरचे पंख मोकळे झाले, उन्हं कलेपर्यंत खालचे. एकेक फासळी कोरड्या फडक्याने पुसत दिनानाथ पुढे सरकत होता.

तेवढ्यात अध्यक्ष आले. पाहून जागच्या जागी थिजले.

“अहो मास्तर, हे काय करून ठेवलंत? उद्या पाहुणे यायचेत! सकाळी काय झकास पांढरंशुभ्र दिसत होतं!”

“तुम्ही सकाळी पाहिलंत?”

“पाहिलं म्हणजे? मीच म्हटलं कोपरे नीट घ्या.”

दिनानाथने त्यांच्याकडे बघितलं. मग फडकं घडी करून फासळीवर ठेवलं.

“अध्यक्ष, तुम्ही आता इथून जा. नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी वाईट जाईल.”

“हे तुम्हाला महागात पडेल! समितीत नाव होतं तुमचं, ते काढलं समजा.”

“काढा. चुना मारून काढा.”

चंदर फिसकन हसला. अध्यक्ष तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानात पताका लागल्या. अध्यक्षांनी रातोरात शक्कल काढली होती. विमानाभोवती कनात ठोकली आणि कनातीपुढे एक दगड उभा केला, त्यावर विमानाचा इतिहास आणि समितीची नावं. पाहुण्यांनी दगडावरचा पडदा ओढला, हार घेतले आणि जुनं जपण्यावर बरंच बोलले. मागे काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

कनातीच्या आत दिनानाथ होता. वर उघडं आभाळ होतं, कडक ऊन थेट लाकडावर पडत होतं आणि त्याला तेच हवं होतं. तो एकेका सांध्याला अंगठा लावून दाबून बघत होता. डाव्या पंखाच्या बावीस फासळ्या झाल्या. सरस धरून होता. बाहेर कर्णा खरखरला आणि टाळ्या पडल्या.

दिनानाथने फडकं झटकलं आणि उजव्या पंखाच्या पहिल्या सांध्यावर अंगठा ठेवला.