तीन बोटांची तपासणी

माझ्या मुलीचं तोंड दीड बोटापेक्षा जास्त उघडत नाही. मी तिची आई, वर शाळेत तिची विज्ञानाची बाई, आणि मला हे कळलं नगरपालिकेच्या भर सभागृहात, चारचौघांदेखत.

शाळेच्या फाटकाशी तंबाखू विकणाऱ्या नऊ टपऱ्या. त्या हलवाव्यात म्हणून तीन वर्षं मी जिवाचा आटापिटा करत होते. दोन अर्ज केराच्या टोपलीत गेले. मग दोन वर्षांपूर्वी मी मुलांचं पथकच काढलं. पोरांनी टपरीवर जाऊन पुडी मागायची. मिळाली की तो आमचा पुरावा. पथकाची म्होरकी माझीच लेक. आवाज असा खणखणीत की सगळे तिला ‘भोंगा’ म्हणायचे. नऊच्या नऊ टपऱ्यांवर दर महिन्याला तीच जायची.

सुनावणीसाठी महिनाभर तिच्याकडून भाषण घोकून घेतलं. शब्द तोंडातच राहायचे. मी खेकसायचे, "तोंड उघडून बोल की गं! भोंग्याला झालंय काय?" घरी जेवण तिखट लागतं म्हणून ताट सारायची, तर मी म्हणायचे, "राणीसरकारांचे नखरे!" विज्ञान शिकवते मी. सांगायलाही लाज वाटते.

हा तिसरा आणि बहुतेक शेवटचा अर्ज. ती बोलत होती, अध्यक्ष कागद चाळत होते.

"तंबाखू-सुपारीनं तोंड आखडतं," ती म्हणाली. "निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात."

अध्यक्षांनी मान वर केली. "करून दाखव बरं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बावरली. हातातोंडाशी आलेलं जाणार या भीतीनं मी ओरडलेच, "दाखव ना! वेळ काय घालवतेस?"

एक बोट गेलं. दुसरं अर्ध्यात अडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती ढकलत राहिली, मी सांगितलं म्हणून.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. पुराव्याला एक लागायची, बाई. मी दोन घ्यायचे. बघू तरी काय असतं, म्हणून."

"म्हणजे पोरगीच खाते, आणि टपऱ्या आम्ही हटवायच्या?" एक सभासद हसला.

मी तिला दाराकडे ओढलं. "चल, डॉक्टरांकडे जाऊ. अर्ज गेला खड्ड्यात." तिनं हात सोडवून घेतला आणि माइकवर वाकली.

"नऊ टपऱ्या. दोन वर्षं. एकानंही वय विचारलं नाही."

कारकुनाचं पेन थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "कळत नाहीये. तोंड उघडून बोल."

तिनं पुन्हा प्रयत्न केला. मला बघवेना.

"उघडत नाही तिचं," मी म्हणाले. "मी सांगते, लिहून घ्या. पहिली पुडी आणायला तिला मीच पाठवलं होतं."