पाच उपडे कप

दुसऱ्या परीक्षेत मला ‘अजून’ हा एक शब्द महागात पडला.

डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमची परीक्षा आमच्याकडे तोंडी होते. हिरव्या कापडाच्या टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून मी क्रमवारीची चिठ्ठी उचलली होती. दोन-दोन वस्तूंची तुलना करूनच क्रम लावायचा असेल, तर तुलनांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणता येत नाही, हे मला सिद्ध करायचे होते. मी म्हणाले, “याहून वेगवान पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही.” बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवले. “अजून?” त्यांनी विचारले. मी त्या शब्दाचे समर्थन करीत बसले, आणि वीस मिनिटांपैकी अकरा त्यातच गेली. निकाल शून्य.

तिसरी संधी शेवटची असते. ती हुकली की नाव पटावरून कमी होते. त्रेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडून आलेल्या बाईला, ही गोष्ट बाविशीतल्या मुलांइतकी हसण्यावारी नेता येत नाही.

माझा हट्ट अगदीच निराधार नव्हता. सतरा वर्षे मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासले होते. ‘नमुन्यात आढळले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. जगातल्या साऱ्या पद्धती कोणी तपासल्या आहेत? उद्या सुचणाऱ्या पद्धतीबद्दल आज कोण कसे बोलणार? पुस्तकातली सिद्धता मला पाठ होती. पटलेली नव्हती.

आमच्या वाचनगटात सुरुवातीला चौघे होतो; जूनपर्यंत मी आणि आस्गर उरलो. त्याचा हा विषय जानेवारीतच सुटला होता, पण संख्याशास्त्र त्याला मी शिकवले होते, म्हणून तो येत राहिला. परीक्षेला दोन आठवडे उरले असताना तो कॅन्टीनमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर एक ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये पाच पांढरे कप उपडे ठेवलेले होते. त्यांवर पेनाने लिहिले होते : ए, बी, सी, डी, ई.

“प्रत्येकाखाली एकेक गोटा आहे, समुद्रावरचा,” तो ज्येष्ठमधाची काळी गोळी गालात सरकवत म्हणाला. “सगळ्यांची वजनं वेगळी. तू फक्त विचारायचं, ए जड की बी, असं. सहा प्रश्नांत पाचांचा क्रम लाव.”

“कप उचलून बघायचे नाहीत?”

“उचललास तर सरळ रक्त काढायला परत जा, सिसेल.”

त्याने समोर एक फाइल उभी धरली. मी प्रश्न विचारला की तो तिच्यात पाही, पेन्सिलीने काहीतरी करी आणि उत्तर देई. फाइलमध्ये वजने लिहिलेली असणार, हे मी गृहीत धरले. पहिल्या डावात मला नऊ प्रश्न लागले, मग आठ. दुसऱ्या दिवशी सातांत हमखास संपणारी पद्धत माझ्या हाती आली. त्यानंतर प्रत्येक डावाला सात. डाव संपला की तो गोटे बदलायला ट्रे काउंटरमागे नेई.

मी अर्थातच नोंदी ठेवल्या. पाच वस्तूंचे एकशे वीस क्रम होतात. त्यांपैकी आठ क्रम असे आहेत, की माझी पद्धत त्यांत सहाव्याच प्रश्नाला संपते. म्हणजे सरासरी पंधरा डावांत एकदा तरी सहा यायला हवा. सलग साठ डाव झाले. सहा एकदाही आला नाही.

“तू लबाडी करतोस,” मी वही त्याच्यापुढे सरकवली.

त्याने आकडे वाचले. “हे निव्वळ नशिबानं होण्याची शक्यता शंभरात दीड. एवढ्यावर माणसाला चोर ठरवता तुम्ही प्रयोगशाळावाले?”

“नाही. फेरतपासणी करतो.” आणि मी ‘ए’ उचलला.

खाली काही नव्हते. ‘बी’खालीही नव्हते. पाचही कप रिकामे. ट्रे नेता-आणताना गोट्यांचा आवाज कधीच आला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. सतरा वर्षांच्या निरीक्षणाच्या सवयीला ते शोभणारे नव्हते.

“मग कोण जड हे तू कशावरून सांगत होतास?”

त्याने फाइल माझ्याकडे वळवली. आत एक छापील कागद होता. त्यावर एकशे वीस ओळी, शक्य असलेला प्रत्येक क्रम एकेका ओळीत. बहुतेक खोडलेल्या.

“तू विचारलंस, ए जड की बी, की मी मोजायचो. ‘ए’ म्हटलं तर किती ओळी उरतात, ‘बी’ म्हटलं तर किती. जास्त उरतील ते उत्तर द्यायचं, बाकीच्या खोडायच्या. गोट्यांचं सोडलं तर खोटं मी एकदाही बोललो नाही. शेवटी जी ओळ उरली ती माझ्या साऱ्या उत्तरांना धरूनच होती. फक्त सुरुवातीला ती ठरलेली नव्हती.”

“आणि सहा प्रश्नांनंतर?”

“तूच मोज.”

मी मोजले. एकशे वीस. जास्तीचा भाग ठेवायचा म्हणजे निदान साठ. मग निदान तीस, पंधरा, आठ, चार, दोन. सहा उत्तरे संपली तरी कागदावर दोन ओळी शिल्लक, आणि दोन ओळी शिल्लक असताना क्रम सांगणे म्हणजे अंदाज.

पुढचा तास मी नाना प्रकारे प्रश्न विचारून पाहिले. तो खोडत राहिला. मग माझा हात थांबला. माझी पद्धत काय आहे, हे आस्गरने कधी विचारलेच नव्हते. त्याला ते माहीत असण्याची गरजच नव्हती. माझ्या जागी कोणीही बसले असते, अजून न जन्मलेला माणूस, अजून न बांधलेले यंत्र, तरी या कागदापुढे सहा प्रश्नांनंतर त्याच्याही दोन ओळी उरल्या असत्या. साऱ्या पद्धती तपासाव्या लागत नव्हत्या. मोजायची होती ती उत्तरे, आणि ती मोजून झाली होती. एक पेन्सिल, एक कागद, आणि जे कधी कोणाला सुचेल त्या सगळ्याची हद्द आखलेली.

माझ्या अंगावर काटा आला. खिडकी उघडी आहे का ते मी पाहिले. बंद होती.

परीक्षेच्या दिवशी मी वेगळीच चिठ्ठी उचलली : हीप, म्हणजे हाती येतील तशा वस्तू आत टाकायच्या आणि दर वेळी सर्वांत लहान तेवढी बाहेर काढायची, अशी रचना. मी आकृती काढली, टप्पे सांगितले. बाई त्याच होत्या. चौदाव्या मिनिटाला त्यांनी विचारले, “आत कितीही वस्तू असोत, टाकणं आणि काढणं ही दोन्ही कामं ठरावीक चार-पाच तुलनांत करणारी रचना उद्या कोणी शोधली तर?”

“नाही शोधणार.”

“अजून नाही?” त्या विसरल्या नव्हत्या.

“कधीच नाही. तशी रचना असती तर मी सगळ्या वस्तू तिच्यात टाकल्या असत्या आणि एकेक करून बाहेर काढल्या असत्या. त्या आपोआप क्रमानं आल्या असत्या, तेही फार थोड्या तुलनांत. वस्तू पुरेशा वाढल्या की तेवढ्या उत्तरांत सगळे क्रम मावत नाहीत.” मग मी फळ्यावर पाच उपडे कप काढले आणि त्यांच्याखाली काहीही नाही, हे सांगितले.

बाईंनी पेन उचलले.

मी बाहेर थांबले. त्यांनी आत बोलावून निकाल सांगितला. मी परत बाहेर आले. आस्गर भिंतीला टेकून उभा होता. हातात ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पिशवी, तिच्यात खोचलेला कागदी झेंडा, आमच्याकडे आनंदाच्या दिवशी लावतात तसला.

“सांगू नकोस!” तो ओरडला. “गुणांच्या पायऱ्या सातच : उणे तीन, शून्य, दोन, चार, सात, दहा, बारा. म्हणजे मला तीन प्रश्न पुरे. चारपेक्षा जास्त?”

तो पास की नापास एवढेच आधी विचारू शकला असता. पण पायऱ्या मधोमध तोडणारा प्रश्न त्याने सोडला नाही.

“हो.”

झेंडा हलला. “सातपेक्षा जास्त?”

“नाही.”

“सात! आणि एक प्रश्न शिल्लक.” त्याने पिशवी पुढे केली. “पटलं का आता?”

मी एक गोळी घेतली. ती मला आवडत नाही.

“हो,” मी म्हणाले.