लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप

लॅपटॉप विकणाऱ्या धर्मराज शेठनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "म्याडम, बारा ते दोन सोडून कधीबी या. त्या टायमाला जालन्यात लाईट राहत न्हाई."

फोन ठेवून बेबी आत्या मला म्हणाली, "मित्रे, उद्या दहाची यष्टी धरायची. बाराला दुकानात पाह्यजे आपण."

"अगं, पण ते बारा सोडून म्हणाले ना?"

"म्हणून तर बारा."

एवढंच! मी रात्रभर विचार करत राहिले आणि सकाळी वेणी घालतानाही.

बेबीनंदा ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. वाटूर फाट्यावर तिचा एसटीडी बूथ आहे आणि दारात आलेला माणूस कोण ते ती चपलेच्या आवाजावरून सांगते. पण मोबाईल आल्यापासून बूथवर लोक फोन करायला कमी आणि 'बेबीताई, हितं रेंज कुठं मिळती?' असं विचारायला जास्त येतात. म्हणून तिला पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायचं आहे. ते झालं की तिथले लोक नोकरीला लावून देतात. मात्र आत जायलाच एक परीक्षा. समोरचा माणूस इंग्रजीचं एक पान वाचतो, आपण ते आपल्या स्वतःच्या मशीनवर टाईप करायचं. दहापेक्षा जास्त चुका झाल्या की घरी परत. परीक्षा वर्षातून एकदाच आणि वय पस्तिशीच्या आत हवं. आत्याला आता चौतीस पूर्ण झाली. म्हणजे पुढच्या महिन्यातली परीक्षा हीच शेवटची.

गेल्या वर्षी तिच्या सव्वीस चुका झाल्या. माझ्या मते त्यातल्या निम्म्या आमच्या डेस्कटॉपच्या होत्या.

तो डेस्कटॉप आत्याच्या मामेभावानं, काकासाहेबानं, सुटे भाग आणून जोडून दिला होता. चालू केला की घरात पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटायचं. आत्याकडं एक बोलणारं सॉफ्टवेअर आहे. आपण जे बटण दाबू ते अक्षर ते इंग्रजीत म्हणून दाखवतं. पण आमच्या मशीनवर आत्यानं 'एम' दाबला, की ती पुढची तीन अक्षरं टाईप करून मोकळी व्हायची आणि मग कुठं ते 'एम' म्हणायचं! त्यात पंख्याची घरघर. बी, डी, पी सगळे एकसारखेच ऐकू यायचे. आणि एवढं सगळं असून बाबांनी तो गोधडीत गुंडाळून यष्टीनं पुण्याला नेला होता. कंडक्टरनं विचारलं होतं, "गुरुजी, पेशंट हाय का?"

बाबा म्हणायचे, "बेबे, हेडफोन लाव की."

"कान झाकले की मंग मी खरीखुरी आंधळी होते, दादा. बूथवर कोण आलं, कोण गेलं, कसं कळंल?"

लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हाही बाबांनी सल्ला दिलाच, "मोठ्या स्क्रीनचा घे."

"मोठ्या स्क्रीनवर मी काय वाळवण घालू?"

माझं मन मात्र लाल लॅपटॉपवर बसलं होतं. पेपरातल्या जाहिरातीत पाहिलेला. झाकणावर कसली चमक होती त्याच्या! आत्या पुण्याला जाईपर्यंत तो आमच्या घरात राहणार, म्हणजे नववी ब मधल्या सगळ्या पोरी बघायला येणार. मी वहीत एकोणीस प्रश्न लिहून घेतले होते. प्रोसेसर किती, रॅम किती, हार्ड डिस्क किती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केल्यापासून मला कुणालाही काहीही विचारायची भीती वाटत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. दुकानात तीन टीव्ही चालू, वर दोन पंखे, कोपऱ्यात कूलर. धर्मराज शेठनं कपाळाला हात लावला.

"म्याडम, मी काय सांगितल्तं? आता लाईट जाईल."

"त्याच्यासाठीच आले."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठं माहीत होतं!

आणि लाईट गेली.

टीव्ही, पंखे, कूलर, सगळं एकदम गप. मी आयुष्यात शेकडो वेळा लाईट गेलेली बघितली, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. समोरच्या पंक्चरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं, ते ऐकू आलं. शेठच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा!

शेठ मागच्या दाराकडं निघाले. "थांबा, जनरेटर लावतो."

"शेठ, अर्धा तास लावू नका," आत्या म्हणाली.

"अन् अंधारात गिऱ्हाईक यील का?"

"आलंय की एक. तिला अंधार चालतो."

शेठ हसायचं का नाही ते ठरवत उभे राहिले. मग मुकाट्यानं त्यांनी दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवले. लॅपटॉपला काय, बॅटरी! एक माझा लाल. दुसरा काळा, जाड, ऑफिसातल्या साहेबांच्या बॅगेसारखा. त्याच्यावर धूळ होती.

आता कुठं मला कळलं आत्याचं गणित. माझी एकोणीस प्रश्नांची वही मी हळूच दप्तरात सरकवली.

आत्यानं पर्समधून पेन ड्राईव्ह काढला. त्यात तिचं बोलणारं सॉफ्टवेअर होतं. मी तो आधी लालला लावला. आत्यानं डॉक्टरासारखा कान लॅपटॉपच्या अंगाला टेकवला.

"मित्रे, डोळे मीट. मी बटण दाबते. टक अन् ह्याचा आवाज, दोन्हीच्या मधी किती जागा हाय, ते सांग."

मी डोळे मिटले. टक, 'बी'. टक, 'डी'. टक, 'पी'.

"जागाच नाही गं! लगेच बोलतोय!" मी ओरडले.

"घरच्यावर किती होती?"

"घरच्यावर एक अख्खी शिंक मावली असती."

शेठ फिसकन हसले. पण आत्याच्या कपाळावर आठी होती. "अजून थोडं थांब." आम्ही थांबलो. दोन मिनिटांनी लालच्या पोटात घुर्र सुरू झालं. आधी बारीक, मग चांगलं मोठं. बी आणि डी पुन्हा एकमेकांत मिसळले.

"हे पळतं चांगलं, पर धापा टाकून राह्यलं," आत्या म्हणाली. "दुसरं आण."

पेन ड्राईव्ह काळ्याला लावून तो सुरू केला. आवाजच नाही! मला वाटलं बंद पडला. आत्यानं कान लावला आणि तिचं तोंड उजळलं. पण मी पुन्हा डोळे मिटले आणि तिनं बटण दाबलं तर टक, मग गप्प, मग 'बी'. मधल्या जागेत शिंक नाही तरी उचकी नक्की मावली असती.

दोन-तीनदा करून बघितलं. तसंच.

आत्या काउंटरला टेकली. "एकाला दम लागतो, एक झोपतं." तिनं बोटं काउंटरवर वाजवली. "घुर्र चालंल एक वेळ. उशीर न्हाई चालणार. मंग लालच घ्यावं लागंल."

मला एवढा आनंद झाला की मी डोळे उघडले. आणि तेवढ्यात मला काळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसलं. खाली बारीक चौकोन होता. मी वाकून बघितलं. कंपनीची जाहिरातीची फिल्म मागं चालू होती, आवाज बंद करून. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात ती. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये मागं गाणी लावून ठेवली की पुढचं सगळं अडकत चालतं, हे मला चांगलं माहीत होतं. लावणारी मीच असायचे.

आत्याला तो चौकोन दिसणार नव्हता. शेठ बाहेर बघत होते. लाल झाकण माझ्या हाताजवळ चमकत होतं, आणि नववी ब च्या सगळ्या पोरी माझ्या डोळ्यांपुढं ओळीनं उभ्या होत्या.

"काय झालं गं? श्वास का रोखला?" आत्या म्हणाली.

हिच्यापासून काही लपवायची सोयच नाही! पण खरं सांगते, मी बोलले ते तिनं विचारलं म्हणून नाही. मला सव्वीस चुका आठवल्या. पुण्याहून येताना गोधडीतला डेस्कटॉप मांडीवर घेऊन आत्या सहा तास गप्प बसली होती, ते आठवलं.

"थांब आत्या. ह्याच्यात मागं पिक्चर चालू आहे. बंद करते."

मी फिल्म बंद केली. तशीच आणखी दोन पडून होती, तीही बंद केली. "आता दाब."

टक, 'बी'. टक, 'डी'. टकटकटक, 'पी एम ए'. मधी जागा नाही. आणि पोटात घुर्र नाही. आत्यानं बटणावरून बोटं उचललीच नाहीत, दाबतच राहिली. लहान पोरगं नव्या सायकलची घंटी वाजवतं ना, तशी.

"वाच काहीतरी. इंग्रजी. पानभर."

दुकानात इंग्रजी म्हणजे लॅपटॉपसोबतचं माहितीपुस्तक. मी दारातल्या उजेडाला उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. "डू नॉट प्लेस द कॉम्प्युटर ऑन अ बेड ऑर सोफा..."

"हळू. पुण्याचा माणूस एवढा पळत न्हाई."

एका लांबलचक शब्दाला मी अडखळले. शेठ मागून म्हणाले, "व्हेंटिलेशन, व्हेंटिलेशन!" ते कधी आमच्या पक्षात आले कळलंच नाही. पान संपलं तेव्हा चुका मोजायला त्यांनीच चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून मोजल्या.

"चार."

"परत बघा."

"चारच हायेत म्याडम."

"चारी माझ्याच," आत्या म्हणाली. "मशीनची एकबी न्हाई."

"मंग? आता तरी जनरेटर लावू का?"

"लावा. बिलकुल लावा."

शेठनं दोरी ओढली आणि मागच्या बोळात फटफट सुरू झाली. पंखे फिरले, टीव्ही बोंबलले, कूलर खडखडला. मी पेन ड्राईव्ह काढायला हात पुढं केला, तर आत्यानं तो धरला.

"काढू नको. पुण्याच्या हॉलमधी तीस जणं एका टायमाला बडवत असत्यात. हा कल्ला बराबर तेवढा हाय. दुसरं पान वाच."

मी ओरडून वाचलं. घसा बसला माझा! आत्या काळ्यावर थोडी झुकली, मान एका बाजूला, ओठ हलत होते. शेठनं दोन गिऱ्हाइकांना हातानंच थांबवून ठेवलं होतं. तेही मग काउंटरला टेकून बघत उभे राहिले.

पान संपलं. शेठनं पुन्हा चष्मा लावला. ह्या वेळी मीही मोजलं, त्यांच्या खांद्यावरून.

"सात," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

आत्यानं पदरानं आधी कपाळ पुसलं, मग काळ्याच्या झाकणावरची धूळ पुसली.

"बांधा," ती म्हणाली.