दुर्गाबाईचा डबा

मच्छरायचा अभ्यास करणाऱ्या दीप्ती मॅडमनं आमच्या गल्लीत घरोघरी पाणी भरून एकेक काळा डबा ठेवला. एका जातीच्या मच्छरानं अंडी घातली, तं दुसऱ्या जातीचं मच्छर तिथंच अंडी घालाले येते का, हे तिले पाहाचं होतं. बालाघाटात तेवढंच पाहाचं राह्यलं होतं म्हणा. ज्याच्या डब्यात अळ्या निघाल्या, त्याच्या भिंतीवर तिचा मदतनीस खडूनं मोठा गोल काढे, फवारणीच्या दवाईवाल्यायले घर समजावं म्हणून.

माझी शेजारीण दुर्गाबाई म्हणजे स्वच्छतेचा पुतळा. दिवसातून तीनदा आंगण धुते आन् माझ्या आंगणाकडे पाहून नाक मुरडते. तिच्या पोरीले, पौर्णिमाले, पाहाले महिन्याच्या शेवटी गोंदियाचे पाहुणे येणार होते. आन् नेमक्या तिच्याच डब्यात अळ्या वळवळाले लागल्या.

बुधवारी सकाळी मी दात घासत होती. पाहते तं काय, दुर्गाबाई कुंपणावरून वाकून आपला डबा माझ्या आधीच अळ्या झालेल्या डब्यात रिकामा करून राह्यली. मंग तिनं आपला घासला, ताजं पाणी भरलं. मी बोलली नाही. काहून बोलू? पंधरा वर्षं नाक मुरडणारी बाई चोरी करताना सापडली, हे सुख मले महिनाभर पुरवून खायाचं होतं.

"आंटी, आपके डब्बे में तो दोनों जात साथ में हैं," डबे तपासाले आलेली मॅडम म्हणाली. खुशीनं फोटो काढले. एकीचं पाहून दुसरी येते, हे सिद्ध झालं. दुर्गाबाईच्या घरी मच्छरच नाही, हेही सिद्ध झालं. दवाईवाले आले, त्यायनं माझं घर फवारलं. तिच्या भिंतीवर गोल नव्हता, म्हणून ते पुढं गेले. तिनं त्यायले हसून चहा देल्ला.

पाहुणे याच्या दोन दिवस आधी पौर्णिमाले दवाखान्यात भरती केलं. डेंगू निघाला.

मी भेटाले गेली. पोरीचा हात सलाईननं सुजला होता. मले लाज वाटली, खोटं काहून सांगू.

"रुख्मा, माझ्या घरी मच्छर आले कोठून?" दुर्गाबाईनं विचारलं.

"तू माझ्या डब्यात पाणी ओतलं, ते मी पाहलं होतं," मी म्हटलं.

तिनं पौर्णिमाच्या पायावरची चादर नीट केली.

"मंग बोलली काहून नाही?"

मी उठली, तं तिनं मांगून हाक मारली.

"घरी गेली का माझ्या भिंतीवर गोल काढ. मोठा काढ. दवाईवाल्यायले दिसला पाह्यजे."