तिसऱ्या ओळीतली संमती

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास राजघराण्यातला धाकटा मुलगा दुकानाच्या मागच्या दाराने आत आला, आणि बाबांनी त्याला विचारलं, "पायमोजे धुतलेले आहेत ना?"

"हो, काका."

"मग काढा. नसते धुतलेले तरी काढायचेच होते. आपलं विचारून ठेवतो. उत्तर देण्याच्या पद्धतीवरून माणूस कळतो."

त्यांची मुलगी समोरच्या टेबलाशी बसून एका बुटाच्या जिभेला मेणाच्या दोऱ्याने टाके घालत होती. तिने मान वर केली नाही. बाबांच्या लेखी तो कुठला राजपुत्र नव्हता. डावा पाय सव्वादोन सेंटिमीटरने आखूड असलेलं एक गिऱ्हाईक होतं, टोपी डोळ्यांवर ओढून येणारं आणि नाव सांगायला लाजणारं. असली गिऱ्हाइकं त्यांना नवी नव्हती. आखूड पायाचे बूट करून घ्यायला चांगली चांगली माणसं मागच्याच दाराने येत, आणि बाबा कोणालाही नाव विचारत नसत. लाकडी कलबुतावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, पेन्सिलीने एक आकडा टाकला की झालं.

तो राजपुत्र आहे हे तिला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता राजवाड्यातून एक निवेदन निघणार होतं, आणि त्यात तिचं नाव असणार होतं. त्याच्या नावाशेजारी.

"वडिलांना गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही सांगा," राजवाड्याच्या चिटणीसांनी फोनवर बजावलं होतं. "सहा वाजता आमची माणसं दुकानाशी येतील. तोपर्यंत त्यांना माहीत असलेलं बरं."

म्हणजे हातात दोन दिवस आणि काही तास होते.

ओळख झाली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशा लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे कोणी स्वतःचं नाव लिहीत नसे. जितकी उणीव तेच नाव. कोणी दीड, कोणी साडेतीन, एक विनोदी म्हातारे होते ते अर्धा. तिचे दोन्ही पाय सारखे, म्हणून तिला सगळे दुकानवाली म्हणत. लोक विचारत, ती बाबांच्या हाताखाली शिकलेलं सांगत असे. एके दिवशी सव्वादोन नावाच्या माणसाने विचारलं, "खाली न बघता जिना कसा उतरायचा?" बाकीच्यांनी कठडा धरा म्हणून सांगितलं. त्याने लिहिलं, "कठडा धरायची परवानगी नाही." तिला हसू आलं. परवानगी न देणारा कोण एवढा लागून गेला? तिने त्याला दोन पानं भरून उत्तर लिहिलं: पायरीच्या कडेवर आधी आखूड पायाची बाहेरची बाजू टेकव, वजन लगेच देऊ नकोस, मनात एक म्हण, मग दुसरा पाय.

तिथून पत्रापत्री सुरू झाली. जिन्यावरून ती पुस्तकांवर गेली, पुस्तकांवरून त्याच्या थोरल्या भावावर, तिच्या नसलेल्या आईवर, आणि मग कशावरच नाही, नुसतीच. चौदा महिन्यांनी तिने टीव्हीवर कुठल्याशा समारंभात एका तरुणाला संगमरवरी पायऱ्या उतरताना पाहिलं. आधी डावं पाऊल, बाहेरची बाजू, एवढासा थांबा. तिने चालवलेला पाय होता तो. बाबा आतून चष्मा पुसत येत होते. एखाद्याची चाल एकदा बघितली की ते जन्मात विसरत नसत. तिने टीव्ही बंद केला.

तेव्हापासून ती तो बंदच ठेवत आली होती, म्हणा ना.

बाबांनी त्याचं पाऊल मांडीवर घेतलं होतं. "आधीचे बूट कोणी केले? सगळी उंची टाचेखाली कोंबलीय. पाऊल घसरगुंडीवर बसवल्यासारखं पुढे सरकतंय. निम्मी आत द्यायची, निम्मी तळाला. बाहेरून दिसली तर दिसली. तुमच्या बुटाकडे बघत बसायला जग काही मोकळं नाही."

"आमच्याकडे बघतात, काका," तो म्हणाला.

"सगळ्यांना तसंच वाटतं. काय करता आपण?"

तिची सुई थांबली.

"वडिलांच्या… कचेरीत असतो."

"वडिलोपार्जित धंदा! वाईट. आमच्या मास्तरीणबाईंचंही तेच झालं." बाबा तिला मास्तरीणबाई म्हणत, कारण ती त्यांच्या पावत्यांवरच्या चुका सुधारत असे. "दोनदा परगावची नोकरी आली होती तिला. गेली नाही. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात; ही पोर ती उराशी धरून बसलीय. लग्न झालंय तुमचं?"

"ठरतंय."

"कोण आहे मुलगी?"

"बाबा, माप घ्या ना," ती म्हणाली.

"मापच घेतोय. गप्पा मारणाऱ्याचा पाय खरा असतो. गप्प बसला की माणूस बोटं आवळतो. हे बघ, आवळली." बाबा हसले आणि त्याच्या पावलावर थोपटलं. "राहू दे, नका सांगू. पुढच्या खेपेला या तेव्हा जेवूनच जा."

तो गेल्यावर बाबांनी हात धुतले. "कोण गं हा?"

"गटातलाच. गिऱ्हाईक."

"मुलगा बरा आहे. भित्रा आहे, पण बरा आहे." टॉवेल खुंटीला अडकवताना ते क्षणभर थांबले. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं, फोनही वाजत नव्हता. राजवाड्याच्या गुप्ततेच्या कागदावर तिने सही केली होती खरी, पण चिटणीसांनीच आता मुभा दिली होती. अडलं होतं ते दुसरंच. राजपुत्राशी लग्न ठरलंय हे सांगणं एक वेळ सोपं होतं. त्याच्या पोटात जे दुसरं वाक्य होतं, ते नव्हतं: बाबा, मी इथून जाणार आहे. आणि त्याच्याही पोटात तिसरं: मला जायचंच होतं, तुमच्या मोतीबिंदूच्या आधीपासून.

"उद्या बुधवार," बाबा म्हणाले. "चामडं आणायला मीच जाईन. तू गेलीस की तो तुला गुळगुळीत बोलून जुना माल गळ्यात मारतो."

"सावकाश जा," ती म्हणाली. उद्या जेवताना सांगू, असं तिने ठरवलं.

बुधवारी सकाळी सव्वाअकराला चामडेवाल्याचा फोन आला. बाबा गठ्ठे बघता बघता बाकावर टेकले होते, पाणी मागितलं होतं. पाणी येईपर्यंत ते गेले होते. "काही त्रास झाला नाही हो त्यांना," तो माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि रडत होता.

ती फोन हातात धरून उभी राहिली. रडू आलंच, ते पुढे कित्येक दिवस येत राहिलं. पण त्याच्या आधी एक शब्द आला होता. मनात, स्पष्ट, तिच्याच आवाजात. सुटले. आता सांगावं लागणार नाही.

तो एका श्वासाइतका टिकला असेल. कोणी ऐकलं नव्हतं. पण तिने ऐकलं होतं.

निवेदन तीन आठवडे पुढे ढकललं गेलं. अंत्यसंस्काराच्या दिवशी राजपुत्र टोपी घालून गर्दीत मागे उभा होता, रोज पत्र लिहीत होता. ती दोन-दोन ओळींत उत्तरं देई. आत्या राहायला आली होती. बाबांची ही धाकटी बहीण. तिला सगळं सांगावंच लागलं, आणि ऐकून ती पाच मिनिटं गप्प बसली. हा तिचा विक्रम होता. मग म्हणाली, "म्हणजे आमचा दादा राजपुत्राला पायमोजे धुतलेत का विचारत होता? अगं, मेलेल्यालाही हसू येईल!" आणि पदर डोळ्यांना लावला.

तीन आठवड्यांनी, ठरलेल्या सकाळी, साडेदहाला चिटणीस दुकानात आले. उंच, काटकुळे गृहस्थ. कोणाच्याही घरी कमीत कमी जागा व्यापायची सवय असलेले. त्यांनी टेबलावरचे लाकडी तुकडे अदबीने बाजूला सारले आणि एक कागद ठेवला.

"अकराला जाईल. आपण एकदा नजर टाकून खाली सही करा. पाचच ओळी आहेत."

तिने वाचलं. पहिल्या ओळीत दोघांची नावं. दुसरीत ओळख कशी झाली ते. तिथे गटाचा उल्लेख नव्हता, 'समान आवडींतून' असं होतं. ते तिला चाललं. त्याचा पाय, त्याची मर्जी. तिसरी ओळ अशी होती: 'वधूच्या दिवंगत वडिलांनी या विवाहास मनापासून संमती दिली होती.'

"हे कुठून आलं?" तिने विचारलं.

"कुमारांनीच सांगितलं. वडिलांनी जेवायला बोलावलं होतं म्हणाले." चिटणीसांनी घसा साफ केला. "सुंदर ओळ आहे, बाईसाहेब. खरं सांगायचं तर लोकांना हीच लक्षात राहील. ती नसली तर पहिला प्रश्न हाच येईल, की बाप जिवंत असेपर्यंत हे लोक का थांबले?"

"काय लिहिलंय, बघू," म्हणत आत्याने कागद ओढला, आणि वाचता वाचता तिचा चेहरा फुलला. "किती छान गं! दादाचं नाव राजवाड्याच्या कागदावर. कर सही, अशी काय बघतेस? नाही कोण म्हणणार होतं? दादा?"

"आत्या, त्यांना विचारलंच नव्हतं."

"विचारलं असतंस तर हो म्हणाला असता. झालं एकच."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. चिटणीसांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. तिने हातात घेतलं. नुसती सही. सगळ्यांना हवं तेच लिहिलं होतं त्यात, अगदी तिलाही. एकदा ते छापून आलं की तेच खरं होणार होतं. मुलाखतीत विचारतील, ती मान डोलावेल. पुढे मुलांना सांगेल. दहा वर्षांनी बाबांचं तोंड आठवताना त्यांच्या तोंडी ही संमतीही आठवेल. आणि तो एका श्वासाइतका शब्द तिच्याच घशात राहील, नवऱ्याच्या शेजारी, सगळा जन्म.

"त्याला आत बोलवा," ती म्हणाली. "बाहेर गाडीत आहे ना तो?"

"बाईसाहेब, वीस मिनिटं…"

"एकोणीस. बोलवा."

तो मागच्या दाराने आला. बाबांनी अर्धवट सोडलेला जोड तिनेच पुरा करून पाठवला होता. तो पायात होता, आणि चाल बरीच सरळ झाली होती. हे तिने आधी पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"ही ओळ तू सांगितलीस?"

"हो." तो गोंधळला. "खोटी आहे का? त्यांनी माझा पाय धरला होता, कोण मुलगी म्हणून विचारलं, मग राहू दे म्हणाले. मला तर वाटतं त्यांना कळलं होतं. त्यांना चालीवरून सगळं कळायचं, तूच सांगायचीस."

"तेच तर!" आत्या म्हणाली. "मीही तेच म्हणतेय. दादाला कळलं असणार."

किती मऊ अंथरूण होतं ते. तिघांनी मिळून घातलं होतं, आणि तिने फक्त पाठ टेकायची होती.

"कळलं असेल किंवा नसेलही," ती म्हणाली. "आपल्याला ते आता कधीच समजणार नाही. त्यांच्या वतीने आपण बोलायचं नाही." तिने कागद ओढून तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली, म्हणून पुन्हा एकदा मारली.

चिटणीसांनी कागद हातात घेतला. "ठीक आहे. पण मला वर कारण द्यावं लागेल. काय सांगू?"

राजपुत्राने टेबलाची कड धरली होती. तिला वाटलं, कारण सांगितलं तर कदाचित उरलेल्या चार ओळीही खोडाव्या लागतील. हा माणूस आता माझ्याकडे जसा बघतोय तसा पुढे कधी बघणार नाही. आणि आत्या, जिचा भाऊ गेलाय, ती तर तोंडही बघणार नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"कारण त्याला सांगते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं ऐकलंत तरी चालेल."

"अगं, काय झालंय?" तो म्हणाला.

"मी बाबांना सांगितलं नाही ते गुप्ततेच्या कागदावर सही केली होती म्हणून नाही. वेळ मिळाला नाही म्हणूनही नाही. वेळ भरपूर होता. मला इथून जायचं होतं, तू भेटायच्या कितीतरी आधीपासून, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती."

"पोरी, असं कोणालाही…" आत्या म्हणाली.

"थांब, आत्या. अजून आहे." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला, गिऱ्हाइकाला मापं सांगावीत तसा. "चामडेवाल्याचा फोन आला तेव्हा मी लगेच रडले नाही. आधी मला बरं वाटलं. माझे बाबा गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं."